वेबपेजवरचा धवला

माझ्या वेबपेजवर सुरुवातीला चारच ओळी होत्या. पांढऱ्यावर काळी अक्षरं. नाव, नोकरी, गाव, आणि शेवटी ‘आवड : वाचन’. ती शेवटची ओळ चक्क थाप होती. मी वाचत-बिचत नाही, टीव्ही बघते. पण ट्रेनिंगला बसलेल्या सगळ्यांनी वाचन लिहिलं, मग मी एकटीनं काय ‘आवड : सिरियल’ लिहायचं?

ते ट्रेनिंग म्हणजे आमच्या ऑफिसचं नवीन खूळ. ऐरोलीच्या एका आयटी पार्कात मी बॅक-ऑफिसला आहे. दिवसभर परदेशातल्या लोकांचे विम्याचे दावे तपासायचे, मध्ये चहा प्यायचा, परत तपासायचे. एक दिवस वरच्यांच्या मनात आलं की पन्नाशी ओलांडलेल्यांनाही काहीतरी नवीन आलं पाहिजे. म्हणून प्रत्येकानं स्वतःचं वेबपेज बनवायचं, तेही कोड लिहून. शिकवायला आलेली मुलगी माझ्या निम्म्या वयाची. बोलायला गोड, पण लागेल असं बोलायची. माझं पेज बघून म्हणाली, “ताई, सगळं बरोबर आहे हं, पण एकदम ड्राय वाटतंय. फोटो टाका, रंग टाका, ऑडिओ-व्हिडिओ टाका. पेज बघून माणूस कळला पाहिजे ना.”

माणूस कळला पाहिजे म्हणे! शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला इतक्या वर्षांत मी कळले नाही, ते पेज बघून कुणाला काय डोंबल कळणार? पण शब्द लागला तो लागलाच. घरी येईपर्यंत माझं टाळकं फिरलं होतं, आणि माझं टाळकं फिरलं की मी भांडत नाही, कामाला लागते. शनिवार-रविवार बसले आणि जे जे घालता येईल ते सगळं त्या पेजवर घातलं. मागे गुलाबी कमळं. दोन्ही बाजूंना लुकलुकणाऱ्या समया. माझं नाव उजवीकडून निघायचं, डावीकडे पळत जायचं, गडप व्हायचं आणि परत उजवीकडून हजर. खाली खाडीतल्या होड्यांचे फोटो, त्यांना सोनेरी चौकटी. मला भारीच वाटत होतं.

आमचं घर दिवाळे गावात, बेलापूरच्या खाडीला लागून. घरात दोघीच, आई आणि मी. आई दाराशी कोळंबी सोलत बसली होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर धरला. तिनं हात न थांबवता मान तेवढी वर केली.

“ह्यो काय गो, हलदीचा मांडव हाय का?”

“माझं पेज आहे, आये. इंटरनेटवरचं.”

“आन् तुझं नाव कनाला पलतंय? कोन मागं लागलंय त्याच्या?”

मला हसूही आलं आणि रागही आला. ती मात्र नीट बघत होती, एकेक गोष्ट, बाजारात मासा पारखतात तशी. मग म्हणाली, “दिवं हायत, होऱ्या हायत, फुलं हायत. मी कुठं हाय?”

 सगळं घातलं होतं मी त्या पेजवर, आणि जिच्या हातचं रोज दोन वेळ जेवते ती कुठेच नव्हती. “घालते गं तुलाही,” मी म्हटलं. “फोटो घालते.”

“फोटो काय, ढिगानं हायत,” ती बोलली आणि खोकली. ती बोलली की खोकायचीच तेव्हा.

आई धवलारीण. ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आगरी-कोळ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला गाणं असतं. मांडव घालताना, हळद लावताना, नवरी उठवताना. ते गाणं म्हणजे धवला, आणि तो गाते ती धवलारीण. भटजीला उशीर झाला तर लोक चहा पीत बसायचे, पण धवलारीण आली नाही तर हळदीच्या वाटीला कुणी हात लावत नसे. बाबा लवकर गेले, पण आईचा मान गेला नाही. धवलारणीचं कपाळ कुणी बघत नाही, गळा बघतात. आणि गळा काय होता! मी शाळेतून येताना गावाच्या वेशीवरच कळायचं, आज कुणाकडे लगीन आहे ते. मैत्रिणी म्हणायच्या, “तुझी आय गायला लागली बघ.” मला तेव्हा लाज वाटायची, आणि आतून मस्तही वाटायचं.

त्या पावसाळ्यात हा गळा बसला. आलं झालं, मध झाला, ज्येष्ठमध झाला. शेवटी बेलापूरच्या एका डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. गाठ आहे, साधी आहे, जिवाला भीती नाही. पण हृदय आधीच कमजोर, त्यात हे वय, ऑपरेशन नको. आवाज मात्र हळूहळू जाणार. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, दिवाळीपर्यंत आत्ता आहे तसा राहील बहुतेक, पुढचं सांगता येत नाही.

मी आईला हे कसं सांगायचं याची रिक्षात बसून तयारी करत होते. ती बाहेर बघत म्हणाली, “तोंड पाडू नको. गला माझा हाय. मना कलत नाय होय, कुठं निघालाय तो?”

तर फोटो नव्हे, तिचा आवाज. तो पेजवर आला पाहिजे, आणि असेपर्यंत आला पाहिजे. हे एकदा डोक्यात बसल्यावर मला दुसरं काही सुचेना. ऑडिओ कसा टाकायचा, त्याचं बटण कसं आणायचं, सगळं त्या मुलीकडून शिकून घेतलं. कोड तयार होता. त्यात फक्त गाणं नव्हतं.

आणि गाणं मिळेना! मी फोन घेऊन आईसमोर बसले. “आये, एक धवला म्हण. हळदीचा म्हण.”

“कोनाचं लगीन हाय?”

“कुणाचं नाही. असंच. पेजवर टाकायला.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला देव्हाऱ्यात चप्पल घालून जायला सांगत होते. “असाच धवला म्हनत नाय. पयला धवला देवांचा. गावदेवीला बोलवायचं, खाडीच्या देवाला बोलवायचं, सगल्यांना नावं घेऊन बोलवायचं, की या, आमच्या पोरीचं लगीन हाय. ते येतात. येऊन बघतील, मांडव नाय, नवरी नाय, ही बया फोन धरून बसलीय. काय सांगू त्यांना? मोबाइलमधी बसा?”

“मग देवांचा सोड. पुढचा म्हण.”

“देव नसतील तं पुढचा कोनासाठी?” ती उठली. “आन् बोलावलं तं परत पाठवायला पन लागतं. शेवटची पाठवनी गायली नाय तं ते जात नाय, त्या घरातच ऱ्हातात. खेल हाय का?”

मी हट्टी, ती माझी आई. मी चोरून रेकॉर्ड करायचं ठरवलं. सकाळी ती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पण ती चूलच म्हणते, भाकऱ्या थापताना काहीतरी गुणगुणते. मी डब्यांच्या मागे फोन सुरू करून ठेवला. ऑफिसच्या बसमध्ये कानाला लावून ऐकलं. तव्यावर सांडशीची खणखण, कुकरच्या शिट्ट्या, आणि त्यात आई आठच्या सिरियलचं टायटल साँग म्हणतेय! शब्द सगळे चुकीचे. मी बसमध्ये इतकी हसले की पुढच्या सीटवरच्या साहेबांनी मागे वळून बघितलं.

मग म्हटलं, लग्न पाहिजे ना तुला, लग्नाला नेते. नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं, हॉलमध्ये. आईनं आदल्या दिवसापासून तयारी केली. पेटीतलं लुगडं काढलं, केसात अबोली माळली, गरम पाण्यानं गुळण्या केल्या. वाटेत एक शब्द बोलली नाही. गळा राखून ठेवत होती. मी फोन पूर्ण चार्ज केलेला. आणि हॉलमध्ये शिरलो तर डीजे. छातीत धडधडावं असा. हळद आदल्या दिवशी झालेली, तीही डीजेवरच. सगळे आईच्या पाया पडले हो, अगदी वाकून पडले, खुर्ची दिली, थंडा दिला. पण कुणी पान-सुपारी घेऊन आलं नाही. धवलारणीला तसंच बोलवायचं असतं, नारळ आणि पान-सुपारी देऊन. त्याशिवाय ती तोंड उघडत नाही. आई तीन तास पदर सावरून ताठ बसून राहिली. कुणी जवळून गेलं की बोलवायलाच आलं असेल म्हणून मान वर करायची.  मला त्या डीजेवाल्याच्या वायरी उपटून फेकाव्याशा वाटत होत्या.

रिक्षात ती म्हणाली, “जमाना गेला. जाऊ दे.” मग थोड्या वेळानं, “सगल्या गावाच्या पोरींची लग्नं गायली मी. एक तेवढं ऱ्हायलं.”

ते एक म्हणजे माझं. माझं लग्न झालं नाही. फार मोठी गोष्ट नाही त्यात. बाबा गेल्यावर घर माझ्यावर आलं, स्थळं आली, काही मला पटली नाहीत, काहींना मी पटले नाही, मग येईनाशी झाली. मी सुखात आहे. पण हा विषय निघाला की माझी सटकते. “आये, परत तेच नको हां,” मी म्हटलं, जरा जोरातच. ती पदराचं टोक चाचपत बसली. घरी येईपर्यंत आम्ही दोघी दोन बाजूंना तोंडं करून होतो.

दिवाळी आली आणि गेली. आवाज आणखी खाली उतरला होता. दूधवाल्याला हाक मारायलाही तिला आता मी लागत होते. एका सकाळी ऑफिसला निघताना अंगणातल्या तुळशीला पाणी घालत होते, आणि समोरच्या घरातल्या पोरी ऊस ओढत आणताना दिसल्या. तुळशीच्या लग्नाचे ऊस. मी तांब्या तसाच हातात धरून उभी राहिले. अगं बावळट, म्हटलं स्वतःला, दाराशी नवरी उभी आहे आणि तू जगभर लग्न शोधतेस!

बस चुकवली. बाजारात जाऊन नारळ, विड्याची पानं, सुपारी, चोळीचा खण आणला. आई खाटेवर बसली होती. तिच्यासमोर ताट ठेवलं आणि रीतीप्रमाणं पाया पडले.

“ह्यो काय?”

“आमच्या अंगणात लगीन आहे. धवलारणीला आमंत्रण आहे.”

“कोनाचं?”

“तुळशीचं.”

आता ओरडेल, म्हटलं. तुळशीच्या लग्नात आमच्याकडे मंगलाष्टकं म्हणतात, धवला कुणी म्हणत नाही. पण तिनं ताटाकडे बघितलं, दाराबाहेर तुळशीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. “नवरी हाय,” ती सावकाश म्हणाली. “मांडव होईल उसाचा. हलद लावाल ना, का तं बी डीजेवर?”

“लावू.”

“मंग हाय की लगीन,” असं म्हणून तिनं सुपारी उचलली.

त्या संध्याकाळी मी घरचं कार्य असल्यासारखी नुसती धावत होते. वृंदावनाला चार ऊस बांधले, चिंचा-आवळे ठेवले, तांदळाचा चौक भरला. शेजारची पोरं बाळकृष्णाला पाटावर घेऊन आली, मागून त्यांच्या आया-आज्या आल्या. फोन ठेवायला स्टँड नव्हता, म्हणून मासे वाळवायच्या बांबूला तो जाळ्याच्या दोरीनं करकचून बांधला. आई लुगडं नेसून, अबोली माळून आली आणि तुळशीशेजारी पाटावर बसली. सगळ्या बायकांकडे एकदा बघितलं. हळदीची वाटी पुढे ओढली आणि सुरू झाली.

तो आवाज काही माझ्या लहानपणीचा नव्हता. खरखरीत झाला होता, मध्येच फाटायचा. पण ती हसू-रडू न दाखवता, नेहमीसारखी, कामाला बसल्यासारखी गात होती. एकेका देवाला नाव घेऊन बोलावलं. मग हळदीचा धवला लागला.

खाडीला भरती गो आली सांजंला,
हलद लागते गो माझ्या बायेला…

 म्हाताऱ्या ज्या होत्या त्यांनी मागून सूर धरला. त्यांना सगळं पाठ होतं, इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं एवढंच. माझे डोळे भरून आले, आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या अंगाला पोरांनी सुतळी बॉम्ब लावला! मला असा राग आला म्हणून सांगू! मी तिथूनच ओरडले, “ए! फटाके बंद करा रे! दिसत नाही, गाणं चाललंय? कान उपटीन एकेकाचे!” आणि तशीच त्यांच्या अंगावर धावून गेले. पोरं पळाली. परत आले तर धवला पुढे सरकला होता. आईनं तुळशीच्या पानाला हळद लावली, थोडा वेळ गायली आणि थांबली. गळ्यावर हात ठेवला. मी धावत पाणी आणलं. आवाज संपला असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि पुढचं काही विचारलं नाही. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पोरांनी मग हवे तेवढे फटाके वाजवले.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं आटोपून मी हेडफोन लावून बसले. रेकॉर्डिंग पेजवर टाकण्याआधी माझं ओरडणं तेवढं कापायचं होतं. ट्रेनिंगवाल्या मुलीनं ट्रिम कसं करायचं ते दाखवलं होतं. आवाजाची लांबलचक नक्षी दिसते पडद्यावर, नको तेवढी निवडायची आणि उडवायची. माझं ओरडणं कुठे आहे ते बघायलाच नको होतं, नक्षीत एक डोंगर उभा होता. मी तो निवडला. उडवण्याआधी एकदा ऐकून घ्यावं म्हणून लावला.

धडाम. मग मी, ‘ए! फटाके बंद करा रे!’ आणि माझ्या आवाजाच्या खाली, अगदी शांतपणे, आईचा धवला. धवल्यात एक जागा असते, तिथं नवरीचं नाव घालतात, घरातलं, लाडाचं. आधी दोनदा ती जागा आली तेव्हा आईनं तुळशीचं नाव घेतलं होतं, ते मी ऐकलं होतं. तिसऱ्यांदा तिनं माझं घेतलं. शाळेतलं नाही, ऑफिसातलं नाही. घरातलं, जे आता तिच्याशिवाय कुणीच घेत नाही. मी तिकडे पोरांचे कान उपटायला धावत होते आणि इकडे माझी हळद लागत होती.

मी परत लावलं. परत लावलं. मग हेडफोन काढून आत गेले. आई आडवी पडली होती.

“आये, तुळशीच्या लग्नात माझं नाव का घेतलंस?”

ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, आवाज म्हणजे नुसता वारा उरला होता, “देव आलेलंच होतं. म्हटलं, हातासरशी सांगून टाकावं.”

“आणि नवरा कुठला आणलास?”

“नवऱ्याचं नाव कुठं घेतलं मी? हलद नवरीची. पोरीला चांगलं म्हनायला नवरा लागतंय व्हय?” मग वळली आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. “रागावलीस?”

मी तिच्या कुशीत शिरले. या वयात. माझी ही म्हातारी चिमणीएवढी झाली होती, तिला माझा भार सोसेना, तरी तिनं हात काढला नाही. इतकी वर्षं या विषयावरून मी तिच्यावर भडकले, आणि ती मला फक्त हळद लावायला बघत होती.

माझं ओरडणं कापलं नाही मी. ते कापलं तर नावही जात होतं. पेजवरच्या समया मात्र काढल्या, कमळं काढली, सोनेरी चौकटी काढल्या, पळणारं नाव एका जागी आणून बसवलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, मध्ये एक फोटो, तुळशीशेजारी पाटावर बसलेली आई, आणि त्याच्याखाली एक बटण. शेवटची ओळ बदलून ‘आवड : टीव्ही, आणि आईचा धवला’ असं खरं खरं लिहिलं. पेज उघडताच गाणं आपोआप सुरू व्हावं अशी माझी फार इच्छा होती, पण काही केल्या होईना. त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, “ब्राउझर तसं करू देत नाही, ताई. कुणीतरी स्वतः बटण दाबायला लागतं, तेव्हाच आवाज सुरू होतो.” मी खो खो हसले. तिला काही कळेना. आई बोलावल्याशिवाय गात नाही, आणि तिचं गाणंही नाही!

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांची पेजेस मोठ्या पडद्यावर दाखवली. माझं आलं तेव्हा त्या मुलीनं बटण दाबलं. कॉन्फरन्स रूममध्ये खाडीची भरती आली, बॉम्ब फुटला, मी ओरडले, लोक हसले, आणि मग हसायचे थांबले. माझं घरातलं नाव तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. ती मुलगी मात्र नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, “छान झालंय, ताई. फक्त शेवटी एकदम तुटतं. पुढचा भाग राहिला का अपलोड करायचा?”

माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुढचा भाग नव्हताच. पाठवणी नव्हती.

संध्याकाळी आईला पेज दाखवलं. तिनं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं आणि हात जोडून पूर्ण ऐकलं. आता तिच्याच्यानं एवढा आवाज निघत नव्हता, स्वतःचाच आवाज ती दुसऱ्या कुणाचा ऐकावा तसा ऐकत होती. गाणं तुटलं तशी मी म्हटलं, “पाठवणी राहिली बघ, आये. तुझा गळा बसला ना तेव्हा.”

“बसला नव्हता,” ती म्हणाली. मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. “तेवढा होता.”

“मग गायली का नाहीस? तूच म्हणतेस, पाठवलं नाही तर देव त्या घरातच राहतात.”

“मंग ऱ्हाऊ देत की.” तिनं माझ्या गालाला हात लावला, हळद लावतात तसा, दोन्ही बाजूंनी. “मी गेल्यावर घरात कोन हाय तुझ्यासंगं?”

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितलं, पुढचा भाग नाही. गाणं तेवढंच आहे.